दोन हात कमी पडलेली शिडी

मी एक जुनी शिडी आहे, आणि पूर्वीइतकी उंच राहिलेली नाही. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकते, कारण माझी सगळी गोष्ट त्या कमी झालेल्या दोन हातांपाशी येऊन अडते.

छत्रपती संभाजीनगरहून पैठणच्या बाजूला गेलं की नाथसागराचं पाणी लागतं. धरण झालं तेव्हा जुनं सावरगाव त्या पाण्याखाली गेलं आणि नवं सावरगाव वर टेकाडावर वसलं. टेकाडावर आधीपासून एकच इमारत होती. दगडी भिंती, कौलारू छप्पर आणि एका बाजूला चौकोनी मनोरा असलेलं, निजामाच्या काळातलं चर्च. इथले ख्रिस्ती लोक त्याला देऊळच म्हणतात, म्हणून मीही देऊळच म्हणते. पावसाळा संपताना नाथसागराचं पाणी या देवळाच्या पायऱ्यांशी येऊन थांबायचं. उन्हाळ्यात तेच पाणी अर्धा कोस मागं सरकायचं आणि उघड्या पडलेल्या गाळात लोक काकडी-कलिंगडं पेरायचे.

माझा जन्म धरणाच्याच वर्षातला. पिशोरच्या पुंजाराम सुतारानं मला घडवलं. त्यानं कन्नडच्या डोंगरातले दोन सरळ सागवानी दांडे निवडले, वर्षभर सावलीत वाळवले आणि त्यात बाभळीच्या बावीस पायऱ्या बसवल्या. देवळाचे तेव्हाचे पाळक, म्हणजे पाद्री, रोज विचारायचे, अजून किती दिवस? पुंजाराम रंधा न थांबवता म्हणायचा, "पाळकसाहेब, खुर्ची मोडली तर लोक हसत्यात. शिडी मोडली तर कुणी हसत नाय. मला घाई करू नका."

मनोऱ्याच्या घंटेच्या खिडकीला टेकेन एवढी माझी उंची होती. देवळाची कौलं शेकारण्यासाठी मला बनवलं होतं, पण माझं पहिलं काम वेगळंच निघालं. जुन्या सावरगावात पाणी शिरणार होतं. लोकांनी आपापल्या घरांची कौलं, वासे, दारांच्या चौकटी काढून वर आणायला घेतल्या. आळीतल्या प्रत्येक घराला मी टेकून उभी राहिले. माणसं माझ्यावरून रिकाम्या हातांनी चढायची आणि आपलं घर थोडं थोडं हातात घेऊन उतरायची. तेव्हापासून मला चढणाऱ्या माणसापेक्षा उतरणाऱ्या माणसाची जास्त काळजी वाटते.

त्याच वर्षी सांडू भालेराव देवळाचा सेवक झाला. वय बावीस. झाडलोट, दिवाबत्ती, कौलं, घंटा सगळं त्याच्याकडे. मला उचलायला एरवी चार माणसं लागायची. सांडू एकटा उभी करायचा. माझे पाय भिंतीच्या बुडाशी अडवायचा, डोक्याकडून उचलायचा आणि एकेक पायरी हाताखाली घेत पुढं चालत यायचा, की मी भिंतीशी ताठ उभी. मग पाय मागं ओढून घ्यायचा. देवळाच्या उत्तरेच्या भिंतीत, वळचणीखाली, त्यानं दोन लोखंडी आकडे ठोकले होते. तिथं ऊन यायचं नाही, पाऊस यायचा नाही. ती माझी जागा.

मित्रांनो, मी देवळाची असले तरी साऱ्या गावाची होते. मारुतीच्या देवळावरचा झेंडा बदलायला मी गेले. ईदच्या आदल्या दिवशी मशिदीवर दिव्यांच्या माळा लावायला गेले. चौदा एप्रिलला बुद्धविहारापासून वेशीपर्यंत निळ्या पताका बांधायला गेले. नाताळात मनोऱ्यावर कागदाचा तारा टांगायला तर मी घरचीच. सांडू कुणालाही नाही म्हणायचा नाही. अट एकच. "सूर्य मावळायच्या आत शिडी जागेवर."

एकदा शेजारच्या वस्तीवरचे साहेबराव मला घेऊन गेले. वाड्याला चुना चाललेला होता. साहेबराव मोठे जमीनदार, त्यांना कोण विचारणार? दिवस कलला तसा सांडू स्वतः त्यांच्या दारात जाऊन उभा राहिला.

"आरं सांडू, सकाळी माणसासंगं धाडतो की! तुझी शिडी काय खाऊन टाकतोय का मी?"

"मालक, खाऊन टाकली असती तर एक बार चाललं असतं. रातच्याला कुणी वर अडकलं तर मी काय तुमच्या पोटातून काढू?"

साहेबराव इतके हसले की ओसरीवरचे सगळे हसायला लागले. पण स्वतः खांदा देऊन त्यांनी मला पोचवलं. त्या दिवसापासून दोघांची मैत्री झाली.

सांडूची मुलगी सुलेखा माझ्यावरच चढायला शिकली. सहा वर्षांची असेल. पाचव्या पायरीवर ती रडायला लागली, तेव्हा सांडू खालून म्हणाला, "खाली बघू नको. वर बी बघू नको. हातातली पायरी बघ, तेवढीच बघ." ती तेवढीच बघत वर गेली आणि तेवढीच बघत खाली आली. पुढं ती शिकली, पुस्तकांत रमली आणि शहरातल्या एका शाळेत ग्रंथपाल झाली.

चांगल्या दिवसांबद्दल एवढंच बोलते. वाईट दिवस सांगायला हवेत.

सहा वर्षांपूर्वी सांडूला पावसाळ्याचे तीन-चार महिने शहरातल्या दवाखान्यात राहावं लागलं. तेवढ्यात कुणीतरी मला विहिरीतला पंप काढायला नेलं आणि तिथंच चिखलात उभी ठेवून दिलं. सारा पावसाळा मी चिखलात होते. येणारे-जाणारे मला बघत होते. कुणी वाईट नव्हतं, मित्रांनो. प्रत्येकाला वाटलं, ज्यानं नेली तो आणील. सांडू परत आला, मला शोधत विहिरीवर आला आणि माझ्या पायांना त्यानं नख लावलं. लाकूड भिजल्या भाकरीसारखं निघून आलं. त्यानं करवतीनं खालच्या तीन पायऱ्या कापल्या. मग मला मनोऱ्याला लावून पाहिलं. खिडकीच्या खाली हात धरून त्यानं अंतर मोजलं आणि हळूच म्हणाला, "दोन हात गेले. बाकीची शाबूत हाय."

त्यानंतर माझं काम कमी झालं. वीजवाले आपली शिडी घेऊन यायचे. मंडळी म्हणायची, एक अ‍ॅल्युमिनियमची हलकी घेऊन टाकू. घेतली कुणीच नाही, पण मला विचारायचंही बंद झालं. माझ्या दांड्यांवर चिमण्यांनी घरटी केली. सांडू मात्र दर उन्हाळ्यात मला उतरवून जवसाचं तेल पाजायचा. गेल्या हिवाळ्यात, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, त्याला माझ्या वरच्या अंगाला चौथ्या पायरीत बारीक चीर दिसली. तो बाभळीचं नवं लाकूड घेऊन तासायला बसला.

त्याचा भाचा राजकुमार तेव्हा आलेला होता. चाळिशीचा, पोट सुटलेला, तोंडानं फटकळ. वाळूजच्या एका कारखान्यात भट्टीवर काम करायचा आणि बजाजनगरात राहायचा. तो म्हणाला, "मामा, कशाला दिवस घालवतोय? कोण चढणार हाय हिच्यावर?"

"तू चढशील."

"मी? माझ्या वजनानं ही बया जागीच रडंल."

"म्हणून तर बदलतोय," सांडू म्हणाला आणि पाचर ठोकायला लागला.

त्यानं केलेलं ते माझं शेवटचं काम. मार्चमध्ये, दुपारी बाजेवर पडल्या पडल्या, सांडू गेला.

आता घंटेचं सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी मनोऱ्यात, घंटेच्या कमानीला, आग्या मोहोळ बसलं होतं. घंटा हलली की माशा उठायच्या. लोक सांडूला म्हणायचे, धूर करून हाकलून लाव. सांडू मानायचा नाही. "ती काय आपल्याला इचारून आली नाय, अन् आपण सांगितल्यानं जायची नाय. देवळात धूर करायचा नाय." त्याला कारण होतं. सावरगावची रीत अशी, की शाळूच्या हंगामाचा सण झाला की प्रत्येक घरानं आपल्या पहिल्या कणसांची पेंढी आणून देवळातल्या लाकडी खांबांना बांधायची. पुढच्या सणापर्यंत ती काढायची नाही. एप्रिलपर्यंत त्या पेंढ्या वाळून हात लावला तरी कुरकुरायच्या. मनोऱ्याचा लाकडी जिना पहिल्या खांबाच्या अगदी शेजारून वर जायचा.

म्हणून दोन वर्षं सांडूनं घंटा वाजवलीच नाही. कडुलिंबाला लोखंडी रुळाचा तुकडा टांगला आणि त्यावर टोल दिले. ज्यानं पन्नास वर्षं घंटा वाजवली, त्याला निरोप देतानाही तो रुळाचा तुकडाच वाजला.

सुलेखाला ते लागून राहिलं होतं. ती कमी बोलणारी. वडिलांच्या आठवणीची भक्ती, म्हणजे प्रार्थनासभा, एप्रिलच्या शेवटच्या रविवारी ठरली, तेव्हा ती सुटी घेऊन आली आणि आत्याला एकच गोष्ट म्हणाली. तिची आत्या कडूबाई, सांडूची धाकटी बहीण आणि राजकुमारची आई. माझ्याखालीच दोघी तांदूळ निवडत बसल्या होत्या, त्यामुळे मी सगळं ऐकलं.

"आत्या, रविवारी घंटा वाजायला पाहिजे."

"अन् माशा?"

"राजूदादा धूर करतो म्हणालाय."

कडूबाईचे हात थांबले. "तुझ्या बापानं कधी धूर करू दिला नाय, सुले."

"एकदाच, आत्या. बाबांसाठी."

कडूबाई पुन्हा तांदूळ निवडायला लागली. लेक बापासाठी मागते आहे, तिला नाही कसं म्हणायचं? राजकुमार तर म्हणाला, "भट्टीवर काम करतो मी. आगीचं मला काय सांगता?"

त्याच आठवड्यात बुधवारी साहेबरावांची माणसं आली. त्यांच्या धाकट्या मुलीचं, तनुजाचं लग्न शनिवारी होतं. मंडपासाठी शिडी हवी होती. सुलेखानं मला आकड्यांवरून उतरवून दिलं. "कधी आणाल?" तिनं विचारलं.

"उद्या सकाळीच की, ताई."

सूर्य मावळायच्या आत, हे शब्द तिच्या ओठांपर्यंत आले होते. मला दिसलं ते. पण ते वाक्य वडिलांचं होतं. त्या आठवड्यात ते उच्चारणं तिला जमलं नाही. तिनं नुसती मान हलवली.

गुरुवार गेला. माझा मंडपात इतका चांगला उपयोग झाला, की मला परत न्यायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. माझ्या वरच्या टोकाला कापडी छताची दोरी बांधली होती. शुक्रवारी सकाळी मी तिथं खांबासारखी उभी होते. खाली तनुजाला हळद लागत होती. बायका गात होत्या, एकमेकींच्या गालांना हळद फासत होत्या.

आणि घंटा वाजली.

मित्रांनो, दोन वर्षांनी मी तो आवाज ऐकला आणि आधी मला आनंदच झाला. वाटलं, माशा गेल्या. पण भक्तीची घंटा ठाय वाजते. एक टोल, मग तो विरेपर्यंत थांबायचं, मग दुसरा. ही तशी नव्हती. कुणीतरी दोरी तोडून काढावी तशी ती वाजत होती. मग टेकाडावर धूर दिसला.

काय झालं ते मी नंतर ऐकलं. राजकुमार घोंगडी पांघरून, पेटत्या गोवऱ्यांचा डबा घेऊन जिन्यानं वर गेला. सुलेखा खाली पाण्याची बादली घेऊन उभी राहिली. धुरानं माशा उठल्या. अकरा माशांनी राजकुमारला फोडून काढलं. त्याचा हात लागून डबा कलंडला आणि निखारे फळ्यांच्या फटींतून खाली पडले, ते थेट पहिल्या खांबाच्या पेंढीवर. सुलेखानं बादली ओतली. बादलीभर पाणी होतं आणि खांब आठ होते. एका पेंढीनं दुसरी पेंढी धरली. ती ओरडली, "दादा, उतर!" पण तोवर जिनाच पेटला होता. राजकुमारनं वरची लाकडी झडप लावून घेतली. घंटेच्या खिडकीत तो, खाली आग. तेव्हा त्यानं घंटेची दोरी धरली.

सुलेखा उत्तरेच्या भिंतीकडे धावली. तिथं दोन रिकामे आकडे होते.

इकडे मंडपात साहेबराव एकदम उठून उभे राहिले. "सांडूची घंटा हाय ती," ते म्हणाले. "शिडी! आरं, शिडी आपल्याकडं हाय!"

चार माणसांनी मला ओढलं. दोरी सोडायला वेळ कुणाला होता? अर्धा मंडप माझ्याबरोबर आला. हळदीची ताटं, पाहुणे, गाणाऱ्या बायका सगळे कापडाखाली गेले. दारात ट्रॅक्टर आणि ट्रॉली उभी होती, पण चालवणारा खुर्च्या आणायला गेला होता. तनुजा कापडाखालून बाहेर आली, हळदीच्या अंगानंच ट्रॅक्टरवर चढली आणि तिनं चावी फिरवली.

"अगं ये! हळद लागल्यावर नवरीनं उंबरा ओलांडायचा नसतो!" तिची मावशी ओरडली.

"मावशे, उंबरा मागं ऱ्हायला," तनुजा म्हणाली. "बसा रं पटापट!"

मला ट्रॉलीत आडवी टाकली. माझे दांडे मागं चार-पाच हात बाहेर आले. माणसं माझ्यावर बसून मला दाबून धरत होती. टेकाडाच्या वाटेनं, सुकलेला गाळ आणि काकडीचे वेल यांच्यामधून ट्रॅक्टर उसळत गेला. घंटा वाजतच होती. ती वाजते आहे तोवर राजकुमार आहे, एवढंच सगळ्यांना कळत होतं. आणि मधेच ती थांबली.

साहेबरावांनी माझा दांडा आणखी घट्ट धरला.

आम्ही पोचलो तेव्हा छपरातून ज्वाळा निघत होत्या. खिडकीत राजकुमार दिसला. घोंगडीनं तोंड झाकून, अर्धा बाहेर लटकलेला. पायाखालची झडप तापली म्हणून त्यानं दोरी सोडली होती. धुरानं माशा केव्हाच पाण्याकडे निघून गेल्या होत्या. माणसांनी मला मनोऱ्याला लावलं.

आणि मी कमी पडले. बरोबर दोन हात.

त्या क्षणी मला ती विहीर आठवली, तो पावसाळा, ते येणारे-जाणारे. लाकडाला रडता येत नाही हे बरंच आहे. राजकुमारनं पाय खाली सोडला, तो माझ्यापर्यंत पोचेना. त्यानं पाय वर घेतला. कडूबाई खाली उभी होती. सुलेखानं एकदाच वर पाहिलं, मग वळून म्हणाली, "तनुजा, ट्रॉली भिंतीला लाव. शिडी ट्रॉलीत उभी करू."

तनुजानं मागं बघत ट्रॉली घेतली आणि मनोऱ्याला अशी भिडवली, की दगडाचा टवका उडाला. माणसांनी मला उचलून ट्रॉलीत उभं केलं. साहेबराव आणि दोघं माझ्या पायांना मिठी मारून बसले. आता माझं डोकं खिडकीच्या चौकटीला लागलं.

"मला न्हाय जमायचं!" राजकुमार वरून ओरडला. भट्टीसमोर बारा वर्षं काढलेला माणूस उंचीला भीत होता.

सुलेखा ट्रॉलीत चढली. तिनं माझ्यावर हात ठेवला.

"दादा, उलटा हो. तोंड भिंतीकडं. पाय सोड."

"सुले, खाली लई लांब हाय!"

"खाली बघू नको. वर बी बघू नको. हातातली पायरी बघ, तेवढीच बघ."

वडिलांचं एक वाक्य तिला अखेर उच्चारता आलं.

राजकुमारनं पाय सोडला. पहिल्या पायरीला त्याचा अंगठा लागून निसटला. पुढच्या दोन पायऱ्या तशाच सुटल्या. त्याचं सगळं वजन, घोंगडीसकट, एकदम वरून चौथ्या पायरीवर आदळलं.

तीच ती, बाभळीची, हिवाळ्यात बदललेली. माझ्या दोन्ही दांड्यांतून कळ गेली. पाचर करकरली. पायरी हलली नाही.

तिथून पुढं तो उतरला. मोठ्यानं मोजत उतरला. पाच, सहा, सात. कंपनीत त्यांना तसं मोजायला शिकवतात म्हणे. ट्रॉलीत पाय टेकले तेव्हा त्याचा चेहरा माशांनी भोपळ्यासारखा सुजला होता. कडूबाईनं त्याला आधी एक थप्पड मारली आणि मग कवटाळलं.

देवळाचं सांगायचं तर ते गेलं, मित्रांनो. लोकांनी रांग लावली, हंडे-घागरी-पातेली हातोहात आणली. पण एप्रिलचा महिना. जे पाणी पावसाळ्याअखेर देवळाच्या पायरीशी असतं, ते अर्धा कोस लांब होतं. अग्निशामक गाडी आली ती लांबून आली. दुपारी बाराच्या सुमाराला छप्पर आत बसलं. आठ खांब, बाकं, प्रवचनाचं व्यासपीठ, नाताळचा तारा, सव्वाशे वर्षांचं सागवान सगळं गेलं. घंटा खाली कोसळली आणि तिला तडा गेला. उरल्या फक्त भिंती.

संध्याकाळी मंडळी कडुलिंबाखाली बसली. सुलेखा उठून उभी राहिली. "धूर करा म्हणून मी सांगितलं होतं," ती म्हणाली. "शिडीसुद्धा मीच दिली होती. परत कधी आणायची ते मी नीट सांगितलं नाही." एवढंच बोलली. रडली नाही, माफीही मागितली नाही. नुसती उभी राहिली.

मागून एक म्हातारा पुटपुटला, "सांडू असता तर झालं नसतं." ते खरं होतं आणि ते तिला ऐकावं लागलं.

मग कडूबाई म्हणाली, "ते बी खरं. पर देऊळ काय, आपण बांधू. माझा राजकुमार पुन्हा कुणी बांधून दिला असता का? अन् असला जाडा?"

आधी तनुजा हसली, मग साहेबराव हसले. मग त्या सुजलेल्या चेहऱ्यानं राजकुमार म्हणाला, "सुले, एक सांगू का? रविवारची घंटा आजच वाजली. मामाची घंटा. म्या वाजवली. जरा जोरात वाजली, तेवढं मामा घेतील समजून."

तेव्हा सुलेखा बसली. तिनं तोंड पदरात झाकलं. पाठ हलत होती. हसत होती की रडत होती, ते मला लांबून कळलं नाही. पण महिनाभर तिचे खांदे जसे आवळलेले होते तसे ते राहिले नव्हते, एवढं मी पाहिलं.

तनुजाचं लग्न दुसऱ्या दिवशी वाकड्या मंडपात लागलं. रविवारी कडुलिंबाखाली सांडूच्या आठवणीची भक्ती झाली. साहेबराव नव्या जावयाला घेऊन आले आणि मागच्या सतरंजीवर शेवटपर्यंत बसले.

सोमवारी सुलेखानं चौघांना लावून मला उत्तरेच्या भिंतीपाशी नेलं. भिंत काळी पडली होती, वळचण उरली नव्हती, पण दोन्ही आकडे होते. तिनं मला जवसाचं तेल लावलं. चौथ्या पायरीवर तिचा हात थांबला. पाचरीवर सांडूच्या हातोडीची खूण होती. तिथं तिनं बोट ठेवलं आणि थोडा वेळ तशीच राहिली. मग आकड्यांच्या वर एक जुना पत्रा ठोकला, मला सावली व्हावी म्हणून.

तेवढ्यात साहेबराव माणसं घेऊन आले. काठी टेकत, थोडे ओशाळलेले. "सुलेखा, राहिलेला मंडप उतरवायचा होता गं. शिडी... देशील का?"

ती हसली. मला त्यांच्या माणसांच्या खांद्यावर दिलं.

"घेऊन जा, काका. सूर्य मावळायच्या आत जागेवर."

"व्हय बाई," साहेबराव म्हणाले. "नायतर तुझा बाप येऊन उभा राहील माझ्या दारात."

मित्रांनो, तुमच्याही शाळेत, घरात, गावात माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू कुठंतरी भिंतीला टेकून उभी असेल. तिला नवी करा असं मी म्हणत नाही. माझे दोन हात काही परत येणार नाहीत. फक्त तिची जागा कुठली आहे ते ध्यानात ठेवा आणि काम झालं की तिला तिथं पोचवा. तिच्या अंगात एखादी चीर दिसली तर ज्याला दिसली त्यानंच हातातलं काम बाजूला ठेवून बसावं. त्या पायरीवर पाय कुणाचा पडणार, ते बसवणाऱ्याला ठाऊक नसतं.

त्या दिवशी मी परत आले तेव्हा सूर्य नाथसागरावर अजून हातभर वर होता. साहेबरावांनी स्वतः एका बाजूनं खांदा दिला होता. सुलेखानं मला आकड्यांवर टांगलं, एकदा हलवून पाहिलं आणि ती घरात गेली.